‘रैवतक’ : सुभद्रेची कथा, पाच शिळाछापे आणि आपले मत

सुरसागर_काठ (बडोदे), धागाकर्ती

मांडवीची_चिमणी यांची ‘रैवतक’ ही कथा गेल्या आठवड्यात आठव्या भागासह पूर्ण झाली आणि लिथोदगड यांनी तिच्यासाठी केलेले पाचही शिळाछापे (दगडावर काढून कागदावर छापलेली चित्रे) आता एकत्र पाहता येतात. कथेच्या मूळ धाग्यावर ‘सुंदर’, ‘पुभाप्र’ (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) आणि बदामांची रांग इतकी लांबली आहे की तेथे दोन वाक्ये नीट बोलणे अशक्य झाले, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे. ज्यांनी शेवटचा भाग वाचलेला नाही त्यांनी आधी तो वाचून यावे; पुढे सगळे फोडलेले आहे.

सहाव्या भागाखाली एका सदस्याने विचारले होते की पुराणातल्या पात्रांवर अशी ‘फॅन फिक्शन’ लिहिणे हा परदेशी पोरखेळ नव्हे काय. मराठी माणसाने हा प्रश्न विचारावा याचे मला हसू आले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी दुसरे काय केले होते? महाभारताच्या आदिपर्वात अर्जुन रैवतक पर्वताच्या उत्सवात सुभद्रेला पाहतो, कृष्ण त्याला हरणाचा सल्ला देतो, युधिष्ठिराकडे दूत जातो, त्याची संमती येते आणि रथ सुटतो. अर्जुनाचे यती होऊन द्वारकेत राहणे आणि बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचे ठरवणे या गोष्टी भागवताच्या दशम स्कंधातल्या शहाऐंशीव्या अध्यायात आहेत. आदिपर्वातल्या या प्रसंगात ज्याचा मागमूसही नाही तो घटोत्कच नाटकात येतो आणि सुभद्रेला चक्क अरण्यात नेऊन ठेवतो. आवडत्या पात्रांना हवे तसे हलवण्याचा हा आनंद आपल्या घरात सव्वाशेहून अधिक वर्षे आहे. फक्त त्याला इंग्रजी नाव आत्ता मिळाले.

आता कथेकडे येते. आदिपर्वात सुभद्रेला कोणी काही विचारल्याचे मला आढळले नाही. कृष्ण, अर्जुन, बलराम, यादवांची सभा हे सगळे तिच्याविषयी बोलतात. ती मात्र पर्वताला प्रदक्षिणा घालून परतत असते आणि रथात घेतली जाते. लेखिकेने नेमकी हीच मोकळी जागा धरली आहे. दुसऱ्या भागात सुभद्रा भोजनापूर्वी यतीच्या हातांवर पाणी घालते आणि तिला त्याच्या दोन्ही हातांवर, मनगटाच्या वर, धनुष्याच्या दोरीने पडलेले घट्टे दिसतात. एका हातावर दिसले असते तर तो कोणीही क्षत्रिय असता. दोन्ही हातांवर असलेला एकच. ती पाण्याची धार थांबवत नाही, काही बोलत नाही आणि पुढचे अकरा दिवस तो यती आहे असेच वागते. या अकरा दिवसांत लेखिकेने जे शृंगाराचे बारीक काम केले आहे त्याला मी मनापासून दाद देते. तो आपल्याला फसवत आहे असे त्याला वाटते, आणि आपण फसलो आहोत असे दाखवण्यात तिला सुख होते.

चित्रांविषयी मला एक तक्रारही करायची आहे. मागच्या रविवारी आम्ही पाच-सहा बडोदेकर सदस्य महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात गेलो होतो. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली त्याच काळातले, १८९० सालचे ‘अर्जुन आणि सुभद्रा’ तेथे आहे. तिची खाली गेलेली मान, अंग चोरणे आणि त्याची अधीरता आपण सगळ्यांनी कॅलेंडरांवर पाहिलेली आहे. त्या चित्रासमोर उभे राहून मी मोबाइलवर लिथोदगड यांचे चौथे चित्र काढले. त्यात सुभद्रा पाठमोरी आहे. पाचांपैकी एकाही चित्रात तिचा पूर्ण चेहरा नाही. हात आहेत, पाठ आहे, रथाच्या कठड्यावरची बोटे आहेत. कथा जिच्या मनाची, तिचाच चेहरा चित्रकर्तीने का लपवला? इतरांना काय वाटले ते जाणून घ्यायचे आहे.

राजवाडा_ते_सराफा (इंदूर)

धागा काढल्याबद्दल आभार. घट्ट्यांचा प्रसंग मी रात्री साडेअकराला वाचला आणि बायकोला उठवून वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला, ही दाद समजावी. विराटपर्वात बृहन्नडा झालेला अर्जुन हेच घट्टे बांगड्यांनी झाकतो. लेखिकेने ती खूण मागे आणून प्रेमाच्या कामाला लावली, हे मला फार आवडले.

पाचवा भाग मात्र उरकला आहे. हरण हा कथेचा कळस, आणि रथ दीड परिच्छेदात द्वारकेच्या बाहेर! अनेक पारंपरिक कथनांत लगाम सुभद्रेच्या हातात असतात. येथेही ते तिच्या हातात आहेत, तिसऱ्या चित्रातही आहेत, पण ते तिने कधी घेतले हे वाचकाला कळतच नाही. त्या एका क्षणासाठी मी चार भाग वाट पाहिली होती.

जाता जाता: चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे आमच्या इंदूरचे, आणि १९५० पासून तुमच्या बडोद्याच्या विद्यापीठात, फाइन आर्ट्समध्ये शिकवायला होते. तेव्हा लिथोदगड यांच्या चित्रांवर आमचाही थोडा हक्क आहे असे समजतो.

तर्ककठोर

कथा चांगली आहे हे आधी मान्य करतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

द्रौपदीचे प्रसिद्ध वाक्य, की भार कितीही घट्ट बांधलेला असो, त्यावर दुसरी गाठ पडली की पहिली सैल होते, हे मूळात ती अर्जुनाला ऐकवते. तो बारा वर्षांच्या वनवासानंतर इंद्रप्रस्थाला परततो, द्रौपदीकडे जातो, आणि ती प्रणयकोपाने त्याला म्हणते की जा त्या सात्वतकन्येकडेच, म्हणजे सुभद्रेकडेच. त्यानंतर अर्जुन सुभद्रेला तांबड्या रेशमी वस्त्रात, गवळणीच्या वेषात अंतःपुरात पाठवतो. लेखिकेने हे वाक्य अर्जुनाऐवजी सुभद्रेला ऐकवले आहे. हा बदल लहान नाही. नवऱ्यावरचा राग सवतीवर काढणारी बाई आणि नवऱ्यालाच सुनावणारी बाई या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि महाभारतातली द्रौपदी दुसऱ्या प्रकारची आहे.

तिसऱ्या चित्राविषयीही एक प्रश्न आहे. अर्जुनाने धनुष्य उजव्या हातात धरून दोरी डाव्या हाताने ओढली आहे आणि तलवार उजव्या कमरेला आहे. चित्रकर्तीचे धनुर्विद्येशी काही वैर आहे काय?

चित्रांगदा_पक्ष

तर्ककठोर, आपण सव्यसाची हा शब्द ऐकला असेलच. तो दोन्ही हातांनी बाण सोडतो. धागाकर्तीने दोन्ही हातांच्या घट्ट्यांवर अर्धा परिच्छेद लिहिला आहे, तोही आपल्या नजरेतून सुटला.

माझा आक्षेप निराळा आहे. त्याच वनवासात द्वारकेला पोहोचण्याआधी हा मनुष्य उलूपीला भेटला आणि मणिपूरला चित्रांगदेशी रीतसर लग्न करून बसला. आठ भागांत तिचा उल्लेख किती वेळा आला? मी मोजले: एकदा, तोही ‘पूर्वेकडची कोणी राजकन्या’ असा. आपल्या नायिकेला उजळ दाखवण्यासाठी दुसऱ्या नायिकेला अंधारात उभी करणे ही या प्रकारच्या लेखनातली जुनी खोड आहे आणि मी तिचा सौम्य निषेध नोंदवते.

निवृत्त_मुद्रितशोधक (पुणे)

मला भाषेविषयी बोलायचे आहे. द्वारकेतली दासी सुभद्रेला ‘बस ने जरा’, ‘सांग ने मला’ असे म्हणते. हा ‘ने’ कोठून आला? सबंध कथा इतक्या स्वच्छ मराठीत असताना ही अशुद्धे कोणाच्या नजरेस आली नाहीत काय? अन्यथा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फक्त चार सापडल्या, जे आजच्या काळात कौतुकास्पद आहे. यादी लेखिकेला व्यक्तिगत निरोपाने पाठवली आहे.

सुरसागर_काठ

काका, तो ‘ने’ आमचा आहे. बडोद्यात चार-चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत ‘ये ने’, ‘खा ने’ हे इतके रुळले आहे की पुण्याचे पाहुणे येईपर्यंत ते आमच्या लक्षातही येत नाही. आणि द्वारका कोठे आहे? सुभद्रेने प्रमाण मराठी बोलावे आणि तिच्या दासीने गुजराती वळणाचे मराठी बोलावे, यात मला तर उलट सुखाचा गुदगुल्या करणारा खरेपणा वाटला. दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या मावशी अगदी याच हेलात बोलत.

निवृत्त_मुद्रितशोधक (पुणे)

मग ती अशुद्धे नाहीत, पाठभेद आहेत. मागे घेतो.

मांडवीची_चिमणी (बडोदे), कथालेखिका

सर्वांचे आभार. राजवाडा_ते_सराफा यांचा आक्षेप मान्य. पाचवा भाग मी परीक्षेच्या पेपर तपासणीच्या आठवड्यात लिहिला आणि तो तसा दिसतो. लगाम हातात घेण्याचा क्षण माझ्या वहीत आहे. ती सारथ्याला ‘उतर’ असे एवढेच म्हणते आणि तो उतरतो. टाइप करताना तो परिच्छेद गळला. आज रात्री घालते.

तर्ककठोर यांच्या मुद्द्यावर मात्र मी माघार घेणार नाही, पण आपण समजता त्या कारणाने नव्हे. सातव्या भागात द्रौपदी ते वाक्य सुभद्रेला ‘ऐकवत’ नाही. कृपया पुन्हा वाचावे. दोघी दूध-लोण्याच्या गाडग्यांची गाठोडी सोडत आहेत, कारण सुभद्रा गवळण बनून आली आहे आणि गवळणीबरोबर काही सामान तर हवेच. वरची गाठ सोडायला गेल्यावर खालची आपोआप ढिली होते, द्रौपदी तिकडे बघते आणि स्वतःशी बोलावे तसे ते वाक्य बोलते. अर्जुनाला हे ती आदल्या संध्याकाळी बोलली आहे असे मी गृहीत धरले आहे. तेच वाक्य माणूस रागात एकदा बोलतो आणि दुसऱ्या दिवशी हातात दोरी असताना पुन्हा बोलतो, तेव्हा त्याचा अर्थ तोच राहतो काय, हे मला बघायचे होते.

मूळात सुभद्रा वंदन करून एवढेच म्हणते की मी तुझी दासी आहे. द्रौपदी तिला मिठी मारते आणि आशीर्वाद देते की तुझा पती निःसपत्न होवो. कथेचा जन्म या एका शब्दातून झाला. सपत्न म्हणजे शत्रू, म्हणून आशीर्वादाचा सरळ अर्थ असा की तुझ्या नवऱ्याला शत्रू न उरो. पण सपत्नी म्हणजे सवत. सवतीने सवतीला दिलेल्या आशीर्वादात नेमका हाच शब्द यावा, आणि तो उच्चारताना द्रौपदीच्या चेहऱ्यावर काय असावे, याचा विचार करत मी दोन उन्हाळे काढले.

चित्रांगदा_पक्ष

या प्रतिसादानंतर माझा निषेध आणखी सौम्य झाला आहे, परंतु तो आहे.

तर्ककठोर

सातवा भाग पुन्हा वाचला. गाठोड्याची गाठ खालून ढिली होते हे माझ्या वाचनातून निसटले होते. आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो, कारण अर्जुनाशी झालेले आदल्या संध्याकाळचे बोलणे कथेत कोठेही नाही आणि ज्याला आदिपर्व ठाऊक नाही त्या वाचकाला ते कसे कळावे? धनुष्याचे उत्तर चित्रकर्तीकडून हवे आहे. सव्यसाची हा बचाव तलवारीला लागू पडत नाही.

नऊवारी_कशाला

पहिल्या चित्रातल्या उत्सवात सगळ्या यादव स्त्रिया नऊवारी नेसलेल्या आहेत. रविवर्म्याने पुराणातल्या नायिकांना नऊवारी दिली आणि आपण ती त्यांच्या अंगावरून अजून उतरवू दिलेली नाही. इतक्या स्वतंत्र बुद्धीच्या चित्रकर्तीनेही तेच करावे याचे आश्चर्य वाटले.

लिथोदगड (बडोदे), चित्रकर्ती

इतके लिहिले जाईल असे वाटले नव्हते. मी सहसा बोलण्यापेक्षा दगडावर काम करणे पसंत करते. तरी प्रयत्न करते.

आधी तलवार. तर्ककठोर यांनी पकडले. ती चूक आहे. शिळाछापात चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात, दगड ओला करतात, आणि तेल पाण्याला जवळ येऊ देत नाही म्हणून शाई फक्त खडूच्या रेषेवर बसते. कागद त्यावर दाबला की चित्र उलटे उमटते. त्यामुळे दगडावर सगळे आरशातल्यासारखे काढावे लागते. मी सुभद्रा, घोडे आणि लगाम उलटे काढले. अर्जुन मात्र मध्यरात्रीनंतर, आरसा न घेता, थेट काढला. पहिला ठसा उचलला तेव्हाच कळले. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला की सव्यसाची आहे, खपून जाईल. तलवारीचे त्याच्याही लक्षात आले नाही.

नऊवारीविषयी. मी ती रविवर्म्याकडून घेतली नाही, रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातून घेतली. त्या वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकात रंगवलेली महाभारताची आणि कृष्णकथेची दृश्ये आहेत, आणि तेथल्या बायका ते चित्र ज्यांनी रंगवले त्यांच्या घरातल्या बायकांसारख्या नेसलेल्या आहेत. बडोद्याच्या चित्रकाराने द्वारकेला बडोद्याचे कपडे घालावेत ही रीत माझ्या आधीची आहे. मी महिनाभर रोज दुपारी तेथे जाऊन कासोटे काढले.

चेहऱ्याविषयी. धागाकर्ती ताई संग्रहालयात विचारत होत्या तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिले. दुसऱ्या भागात सुभद्रेने त्याला ओळखले आहे आणि ते तोंडावर येऊ द्यायचे नाही असे तिने ठरवले आहे. मी चेहरा काढला असता तर एक तर त्यावर ते दिसले असते आणि अर्जुन मूर्ख ठरला असता, किंवा दिसले नसते आणि बघणाऱ्याला ती भोळी वाटली असती. हात खोटे बोलत नाहीत म्हणून हात काढले. त्या चित्रात पाण्याच्या धारेची जाडी तीन वेळा बदलली, कारण ओळख पटल्यावर धार जराशी थरथरली पाहिजे आणि थरथरलेली दिसता कामा नये.

चौथ्या चित्रासाठीच फक्त दुसरा दगड वापरला, तांबड्या रंगाचा. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो. बाकीची चारही चित्रे एका काळ्यात आहेत. मूळात वस्त्र तांबडे रेशमी आहे असे लेखिकेने सांगितल्यावर ते कोठे ठेवायचे याचा विचार केला, आणि पाठमोऱ्या सुभद्रेवर सगळे ठेवले. समोर द्रौपदी आहे, पण तिच्या पदराची कड आणि दोरीत अडकलेली दोन बोटे एवढीच.

एक दुःखाची गोष्ट सांगून थांबते. हे चौथे चित्र परवा माझ्या आत्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवले. कोणत्याशा गटातून आले होते. खालची पांढरी पट्टी कापलेली, म्हणजे पेन्सिलने घातलेला ‘३/१२’ हा प्रतीचा आकडा आणि माझी सही दोन्ही गेलेली, आणि तांबड्या पाठीवर पिवळ्या अक्षरांत ‘शुभ सकाळ’. आत्या म्हणाली, बघ, तू असे काहीतरी काढत जा.

राजवाडा_ते_सराफा (इंदूर)

आत्याबाईंना साष्टांग नमस्कार. वाईट वाटले आणि हसूही आवरले नाही, क्षमस्व. प्रतिमा येथे चढवताना सही चित्राच्या आत, कपड्याच्या घडीत घालता येते. आमच्याकडचे काही छायाचित्रकार तसे करतात.

सुरसागर_काठ

चेहऱ्याची तक्रार मागे घेते. रविवर्म्याच्या चित्रासमोर मी पाचेक मिनिटे उभी होते, आणि आता आठवते आहे की त्या चित्रातही मी सगळा वेळ तिच्या झुकलेल्या मानेकडे पाहत होते. चेहऱ्याकडे पाहिल्याचे आठवतच नाही.

पाचव्या चित्राविषयी कोणीच बोलले नाही म्हणून लिहिते. आठवा भाग पुष्कळांना अपुरा वाटला. इंद्रप्रस्थात रात्र आहे, सुभद्रेला दिवस गेले आहेत, द्रौपदी तिच्या केसांना तेल लावत आहे आणि कथा थांबते. मूळ धाग्यावर निदान दहा जणांनी ‘सुखान्त असूनही पोटात खड्डा का पडला’ असे विचारले आहे. पाचव्या चित्रात केसांचा पेड आहे, तेलाची वाटी आहे, आणि मागच्या भिंतीवर पुसट, जवळजवळ दिसू नयेत अशा, चाकाच्या आऱ्या आहेत. मला आधी तो खिडकीचा गज वाटला. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेले महाभारताचे युद्ध पाहून बाहेर पडल्यावर एकदम उलगडा झाला. पोटातला मुलगा अभिमन्यू आहे, आणि रथाचे चाक हे त्याने शेवटच्या लढाईत हातात घेतलेले शस्त्र. लेखिकेने त्याचे नावही घेतलेले नाही. हे चाक कथेत नाही, फक्त चित्रात आहे. दोघींनी ठरवून केले काय?

मांडवीची_चिमणी (बडोदे), कथालेखिका

नाही. तिने चित्र पाठवले तेव्हा मीही खिडकीचा गजच समजले होते. उलगडा झाल्यावर आठव्या भागातले अभिमन्यूविषयीचे सव्वा पान काढून टाकले. त्याची गरज उरली नाही.

तर्ककठोर

हे सव्वा पान वाचायला मिळेल काय?

मांडवीची_चिमणी (बडोदे), कथालेखिका

नाही.

नऊवारी_कशाला

तांबेकर वाड्याचा पुरावा मान्य. पुढच्या बडोदे भेटीत कासोटे तपासून येईन.

निवृत्त_मुद्रितशोधक (पुणे)

तिसऱ्या चित्रातली तलवार सुधारून नवी प्रत काढावी अशी विनंती करतो. चुकीचा मजकूर छापून गेला तर शुद्धिपत्र काढतात, चित्राला तसे काही नसते काय?

लिथोदगड (बडोदे), चित्रकर्ती

नसते, काका. दगड महाग आणि जड असतात, शिवाय मोजकेच आहेत. बारा प्रती निघाल्या की पृष्ठभाग वाळू आणि पाण्याने घासून कोरा करतात आणि पुढच्या विद्यार्थ्याला देतात. तो दगड मंगळवारीच मी स्वतः घासला. अर्जुन घासला जायला सर्वांत जास्त वेळ लागला. आता त्यावर एका मुलाने म्हैस काढायला घेतली आहे.

चित्रांगदा_पक्ष

म्हैस पूर्ण झाल्यावर तो दगड मणिपूरसाठी राखून ठेवावा, ही नम्र विनंती. तलवार डाव्या कमरेला. मी स्वतः येऊन आरसा धरीन.